कोर्स सगळ्यांनी पूर्ण केला, तरी मशीनला कुलूप लागत नाही: आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकण पट्ट्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी तुम्ही इन्स्ट्रक्शनल डिझायनर (प्रशिक्षणाचे कोर्स रचणारी व्यक्ती) म्हणून काम करता. मशीनमध्ये हात घालण्यापूर्वी वीज आणि हवा तोडून स्वतःचं कुलूप आणि इशाऱ्याची चिठ्ठी (टॅग) लावायची, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, यावर चाळीस मिनिटांचा मराठी ऑनलाइन कोर्स आहे. एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तो जवळजवळ सगळ्यांनी पूर्ण केलेला दिसतो. ऑडिटमध्ये शेरा नाही. पण मशीनमध्ये अडकलेला जॉब, म्हणजे घडवला जाणारा भाग, काढायला लोक आजही नुसतं स्टॉप बटण दाबून आत हात घालतात. व्यवस्थापन म्हणतं, एलएमएस बदलू नाहीतर व्हीआर (हेडसेट लावून आभासी सराव) आणू. यातलं काय निवडावं आणि कोर्स सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: सध्या दोन्ही नको. आधी त्या मशीनपाशी जा. कामगाराला माहिती नाही म्हणून तो कुलूप लावत नाही, हे तुमच्याकडे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ते सिद्ध होईपर्यंत कोर्सवर केलेला कुठलाही खर्च अंदाजाने केलेला असेल.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली प्रशिक्षण क्षेत्राला एक साधा प्रश्न दिला: जीव पणाला लागला तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल, तर अडचण कौशल्याची नाही आणि शिकवून ती सुटणार नाही. तुमच्या बाबतीत जीव खरोखरच पणाला लागलेला आहे, म्हणून हा प्रश्न शब्दशः विचारा. वेगवेगळ्या पाळ्यांतले पाच-सहा ऑपरेटर घ्या, मशीन बंद असताना त्यांना सांगा, ‘कुलूप लावून दाखवा.’ काहीही शिकवू नका, नुसतं बघा. बहुतेकांनी नीट लावून दाखवलं तर तुमचा कोर्स त्याचं काम करून बसला आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. निम्मे अडखळले, आयसोलेटर (ऊर्जा तोडणारा मुख्य स्विच) कुठला हेच शोधत राहिले, तर कोर्सला हात घालायला हवा.

मग पुढचा शोध. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ साली कामगिरीची सहा कारणं मांडली. तीन परिसरातली: माहिती, साधनं, मोबदला. तीन माणसातली: ज्ञान, क्षमता, इच्छा. त्यांचा आग्रह होता की आधी परिसर तपासा, माणूस नंतर. कारखान्यात हा क्रम फार उपयोगी पडतो. कुलपं कुठे आहेत? मेंटेनन्सच्या कपाटात, आणि कपाटाची चावी जनरल शिफ्टला येणाऱ्या माणसाकडे असेल, तर तिसऱ्या पाळीत कुलूप लावणं अशक्यच आहे. आयसोलेटर मशीनच्या मागे, बिन आणि पॅलेटच्या आड आहे का? जॉब तासातून किती वेळा अडकतो? कुलूप लावून, काम करून, पुन्हा सुरू करायला किती मिनिटं जातात आणि ती मिनिटं प्रोडक्शन बोर्डवर कुणाच्या नावावर पडतात? कुलूप लावणाऱ्याचं टार्गेट चुकत असेल आणि न लावणाऱ्याला सुपरवायझर ‘चांगलं सांभाळलंस’ म्हणत असेल, तर कामगार रोज शिकतोय. फक्त तो तुमच्या कोर्सच्या उलटं शिकतोय.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९८९ साली लॉकआउट-टॅगआउटचं मानक जाहीर केलं. भारतातल्या अनेक कंपन्यांच्या कार्यपद्धती त्याच्याच सांगाड्यावर उभ्या आहेत, म्हणून ते मुळातून वाचा. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, पुश बटण किंवा सिलेक्टर स्विच यांसारखी कंट्रोल सर्किटची साधनं ऊर्जा तोडणारी साधनं म्हणून धरली जात नाहीत. म्हणजे तुमचे ऑपरेटर ज्या स्टॉप बटणावर विसंबतात, ते नियमानेच पुरेसं नाही. दुसरी, उत्पादन चालू असताना वारंवार करावी लागणारी, नेहमीची, उत्पादनाचाच भाग असलेली छोटी कामं तितकंच परिणामकारक दुसरं संरक्षण असेल तर कुलपाशिवाय करता येतात. उदाहरणार्थ, गार्डचा दरवाजा उघडला की मशीन आपोआप थांबेल असं नीट तपासून बसवलेलं इंटरलॉक. जॉब तासाला चार वेळा अडकत असेल, तर त्यावर उत्तर इंजिनिअरिंगने द्यायचं आहे: डाय सुधारा, फीडिंग सुधारा, गार्ड बसवा. तो भार कोर्सच्या माथी मारू देऊ नका. डिझायनर म्हणून हे सांगण्याचं धाडस तुमच्यात हवं. ‘इथे प्रशिक्षणाने फरक पडणार नाही’ हे वाक्य आपल्या व्यवसायातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे आणि ते फार कमी वेळा उच्चारलं जातं.

आता त्या ‘पूर्ण’ शेऱ्याबद्दल. तुमचा कोर्स बहुधा स्कॉर्म १.२ मध्ये असेल; स्कॉर्म म्हणजे कोर्सने एलएमएसला माहिती कशी कळवायची याचं ठरलेलं मानक. ही आवृत्ती २००१ सालची, आणि अजूनही सर्रास वापरात आहे. तिच्यात धड्याची स्थिती नोंदवायला एकच रकाना आहे. त्यात उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळला, उघडलाच नाही, यांपैकी एकच काहीतरी बसतं. ‘पूर्ण केला’ आणि ‘उत्तीर्ण झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी तिथे एकाच जागेसाठी भांडतात. २००४च्या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र रकाने मिळाले. तुमच्या पॅकेजमध्ये शेवटची स्लाइड दिसली की ‘पूर्ण’ पाठवायचं अशी सेटिंग असेल, तर तो अहवाल इतकंच सांगतो की शेवटची स्लाइड कुणीतरी उघडली.

त्या ‘कुणीतरी’चाही तपास करा. शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक लोकांना कंपनीचा ईमेल नसतो. ट्रेनिंग रूममध्ये एक कॉम्प्युटर असतो, चौघं त्याच्याभोवती बसतात, एकाच्या हातात माउस असतो. कधी एचआरमधलं कुणी महिनाअखेरीला कंत्राटी कामगारांच्या नावाने लॉगिन करून नेक्स्ट-नेक्स्ट दाबत जातं. यात त्यांच्या मनात वाईट काही नसतं, मागणी अहवालाची असते आणि ते अहवाल देतात. म्हणून एलएमएसमधून प्रत्येक नोंदीची वेळ आणि लागलेला कालावधी काढा. एकाच दुपारी, एकाच कॉम्प्युटरवरून, ओळीने तीन-तीन मिनिटांत पूर्ण झालेल्या नोंदी दिसल्या तर एलएमएस बदलून काही होणार नाही. नवीन एलएमएसमध्येही तेच हात तेच बटण दाबतील.

समजा तपासणीत निघालं की ज्ञानाची उणीवही आहे. तर कोर्स नव्याने बांधा, पण आधी पडद्यावर काय शिकवायचं आणि मशीनपाशी काय, याची वाटणी करा. वेबवर शिकवणं आणि वर्गात शिकवणं यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ट्रेसी सिट्झमन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. माहितीवजा ज्ञानात वेब किंचित सरस दिसला, कृतीच्या ज्ञानात दोन्ही बरोबरीत, आणि शिकवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी ठेवली की फरक उरला नाही. म्हणजे फरक माध्यमापेक्षा पद्धतीने पडतो. लॉकआउटमध्ये हाताचं काम आहे आणि निर्णयाचं काम आहे. कुलूप, टॅग, हॅस्प (अनेकांची कुलपं एकत्र लावायची कडी) हाताळणं, साठलेली हवा सोडणं, वर अडकलेला रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) ब्लॉक लावून रोखणं, शेवटी स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलेलं आहे का ते बघणं, हे हाताचं. ते खऱ्या मशीनवरच शिकावं. निर्णयाचं काम मात्र पडद्यावर उत्तम शिकवता येतं: आत्ता कुलूप लावायचं का, कुणाचं, घाई करणाऱ्याला काय सांगायचं, पाळी बदलली तर काय.

चाळीस मिनिटांतलं बहुतेक सगळं काढून टाका. कायद्याचा इतिहास, कंपनीचं धोरण, संचालकांचा संदेश, अपघातांची आकडेवारी, हे सगळं एका पानाच्या पत्रकात जाऊ दे. पडद्यावर दहा-बारा मिनिटं पुरतात आणि ती सगळी प्रसंगांना द्या.

प्रसंग कसा लिहावा हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबते. तिसरी पाळी, पहाटेचे सव्वातीन. न्यूमॅटिक प्रेसमध्ये जॉब अडकलाय. दोन तासांचं टार्गेट मागे आहे. सुपरवायझर लांबूनच ओरडतो, ‘अरे दोन मिनिटांचं काम आहे, बंद कर नि काढ पटकन.’ कुलूप पन्नास पावलांवर आहे. आता काय कराल? पर्याय लिहिताना ‘नियम मोडून हात घालेन’ असा पर्याय कधीही लिहू नका, तो कुणी निवडत नाही आणि त्यातून कुणी काही शिकत नाही. चुकीचे पर्याय तेच हवेत जे चांगली, अनुभवी माणसं खरोखर करतात. ‘इमर्जन्सी स्टॉप दाबून आकड्याने जॉब ओढेन.’ ‘मेन स्विच पाडेन आणि हेल्परला पॅनेलपाशी उभं करेन.’ ‘मघाशी मेंटेनन्सवाल्याने लावलेलं कुलूप अजून आहे, त्यावरच काम करेन.’ प्रत्येकात थोडं शहाणपण आहे आणि प्रत्येक जीवघेणा ठरू शकतो. हे पर्याय घरी बसून सुचत नाहीत. त्यासाठी ऑपरेटर आणि मेंटेनन्सच्या जुन्या माणसांशी चहाच्या सुट्टीत बोलावं लागतं. ‘तुम्ही काय करता’ असं विचारलंत तर सगळे नियम म्हणून दाखवतील. ‘नवीन पोरं काय करतात’ असं विचारा, मग खरं ऐकायला मिळेल.

उत्तर दिल्यावर ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवू नका. परिणाम दाखवा. मेन स्विच पडलाय, पण एअर लाइनचा गेज अजून सहा बार दाब दाखवतोय. जॉब सुटला आणि रॅम खाली आला. हेल्परला कुणीतरी हाक मारली, तो पॅनेलपासून दोन पावलं हलला, तेवढ्यात दुसऱ्याने स्विच वर केला. रक्त दाखवायची गरज नाही. कारण आणि परिणाम यांची जोडी स्पष्ट दिसली की पुरे. आणि बरोबर उत्तरालाही कारण द्या, कारण अंदाजाने बरोबर आलेला माणूस पुढच्या वेळी अंदाजाने चुकतो.

संवाद शॉप फ्लोअरवर जसे कानावर पडतात तसेच लिहा. मेन स्विच, एअर लाइन, गेज, डाय हे शब्द तसेच ठेवा. वाक्यं छोटी ठेवा. लिहिलेला स्टोरीबोर्ड (कोर्सचा दृश्यवार आराखडा) एका ऑपरेटरला मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल ते वाक्य बदला. निवेदन आहे म्हणून तोच मजकूर पडद्यावर शब्दशः उमटवण्याची सवय मोडा. चित्र, आवाज आणि लिखित मजकूर एकाच वेळी आले की लक्ष विभागतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पडद्यावर चित्र आणि दोन-चार महत्त्वाचे शब्द, बाकी आवाजात. अपवाद दोन. ट्रेनिंग रूम प्रेस शॉपला लागून असेल आणि आवाज ऐकूच येत नसेल, किंवा कुणाला ऐकू कमी येत असेल, तर उपशीर्षकं हवीतच. ती चालू-बंद करण्याची सोय द्या. आणि तुमच्या लाइनवर बिहार-ओडिशाहून आलेली मंडळी असतील, तर मराठी कोर्स त्यांच्यासाठी अर्धाच आहे. निदान हिंदी आवाज हवाच.

एकदा बघितलेलं विसरलं जातं. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले तेव्हापासून हे माहीत आहे, तरी आपण वर्षातून एकदा कोर्स लावतो आणि वर्षभराची अपेक्षा धरतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६चा प्रयोग मी प्रत्येक नव्या डिझायनरला सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. तुमच्या कोर्सची परीक्षा कोर्स संपताक्षणी होते, म्हणजे नेमकी त्या फसव्या पाच मिनिटांत. तीच परीक्षा विखरून घ्या. पाळी सुरू होताना टूलबॉक्स टॉक (सुरक्षेवरची छोटी चर्चा) होतोच, तिथे आठवड्यातून एकदा एक प्रसंग, एक प्रश्न, तीन मिनिटं. सुपरवायझरच्या हातात दहा प्रश्नांचा छापील गठ्ठा द्या. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

मशीनपाशी शिकवणं सुपरवायझरवर सोपवा, पण त्यालाही शिकवायला शिकवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत उभारलेल्या ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री या कार्यक्रमाने त्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या: शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याला करायला लावा, मग पाठपुरावा करा. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांत रुजली. तिसऱ्या पायरीला शिकणाऱ्याने काम करता करता प्रत्येक टप्पा आणि त्याचं कारण तोंडाने सांगायचं असतं. ‘आता मी गेज बघतोय, कारण स्विच पाडला तरी हवा आत राहते.’ ही एक गोष्ट काटेकोरपणे पाळली तरी बराच फरक पडतो, कारण कारण सांगता न येणारा माणूस लगेच उघडा पडतो आणि तिथल्या तिथे दुरुस्ती होते.

तंत्रज्ञानाचा प्रश्न मी इतक्या उशिरा घेतेय, कारण त्याची जागा इथेच आहे. सुपरवायझरने मशीनपाशी घेतलेली चाचणी टॅब्लेटवरून नोंदवायची असेल, तर स्कॉर्म अपुरं पडतं. ते मुळात एलएमएसमधून ब्राउझरमध्ये उघडलेल्या धड्यासाठी आहे. एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदींचं दुसरं मानक तिथे कामाला येतं. २०१३ साली त्याची १.० आवृत्ती आली, २०२३ साली त्याला आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचं मानक म्हणून मान्यता मिळाली. ‘अमुक व्यक्तीने अमुक मशीनला कुलूप लावून दाखवलं’ अशी कर्ता-क्रिया-कर्माची नोंद लर्निंग रेकॉर्ड स्टोअर या नोंदींच्या कोठारात साठते, धडा कुठेही असो किंवा धडा नसो. पण सुरुवातीला मी कागदी चेकलिस्ट आणि एक एक्सेल शीटच सुचवेन. कागदावरची पद्धत तीन महिने टिकली, तर ती डिजिटल करण्यात अर्थ आहे. एलएमएस बदलायचाच असेल, तर आधी मूडल एखाद्या विभागात लावून बघा. ते मुक्त स्रोत आहे आणि त्याला मराठी भाषापॅक आहे.

देवनागरीची एक अडचण मात्र लक्षात ठेवा, ही इंग्रजीत काम करणारे सल्लागार कधी सांगत नाहीत. स्कॉर्म १.२ मध्ये कोर्स जिथे सोडला तिथून पुन्हा सुरू करण्यासाठीची माहिती साठवायला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि कोर्सने ते वेब पत्त्यासारखं एन्कोड केलं तर त्याची नऊ अक्षरं होतात. ‘सुरक्षा’ या शब्दात काना, उकार, हलन्त धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे ६३ अक्षरं. कामगाराने टाइप केलेली मराठी उत्तरं त्या जागेत साठवलीत तर ती फार लवकर भरते, आणि कोर्स अर्ध्यातून उघडत नाही किंवा पहिल्या स्लाइडवर परत जातो. मग लोक म्हणतात एलएमएस खराब आहे. तिथे मजकुराऐवजी पर्यायाचा क्रमांक साठवा, किंवा स्कॉर्म २००४ची तिसरी-चौथी आवृत्ती वापरा, तिथे मर्यादा ६४,००० आहे. शिवाय मजकूर युनिकोडमध्येच घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल कोर्समध्ये चिकटवली की कचरा उमटतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

व्यवस्थापनाला दाखवायला तुम्हाला आकडा हवा, आणि तो कारखान्यात आधीच आहे. ब्रेकडाउन रजिस्टरमधून मागच्या महिन्यात आत हात घालावा लागेल असे किती प्रसंग नोंदलेत ते मोजा. कुलूप दिल्या-घेतल्याचं रजिस्टर शेजारी ठेवा. एकीकडे साठ नोंदी आणि दुसरीकडे चार असतील, तर तो फरक म्हणजे तुमचा प्रश्न, आणि तो कमी होतोय का हेच तुमचं मोजमाप. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. हा फरक तिसऱ्या पातळीवरचा आहे. अभिप्रायाच्या फॉर्मवरचे स्टार पहिल्या पातळीवर थांबतात. एक सावधगिरी: बदल सुरू झाला की ‘थोडक्यात वाचलो’ अशा नोंदी वाढतील. त्या वाढीला अपयश समजू नका आणि व्यवस्थापनालाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्या नोंदी बंद करायला लावेल. निरीक्षणातून कुणाला मेमो दिला गेला, तर पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला खरं काही दिसणार नाही.

व्हीआरबद्दल: जे प्रत्यक्षात सराव करता येत नाही, दुर्मिळ आहे, धोक्याचं आहे, तिथे ते जरूर वापरा. वायुगळती, उंचीवरून सुटका, आग. कुलूप लावण्याचा सराव मात्र बंद मशीनवर, खऱ्या कुलपाने, फुकट होतो. विक्रेत्याने सादरीकरणात ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के’ असा त्रिकोण दाखवला, तर तो बाजूला ठेवा. एडगर डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू काढला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आहेत.

या आठवड्यात तुमच्या हातात असलेलं काम एवढंच: दोन रजिस्टरं मागवा, एलएमएसमधल्या वेळेच्या नोंदी काढा, आणि एक तिसरी पाळी पूर्ण बसा. कोर्स करून देणाऱ्या एजन्सीकडे सोर्स फाइल्स मागा. करारात त्या तुमच्या नसतील, तर पुढच्या करारात लिहून घ्या, कारण लाइनवर एक नवीन प्रेस आली की तुमचे निम्मे प्रसंग बदलावे लागतील. आणि व्हीआरसाठी मंजूर होणाऱ्या रकमेतून आधी प्रत्येक ऑपरेटरसाठी स्वतःचं कुलूप, स्वतःची चावी आणि प्रत्येक मशीनला टांगलेली एक लॉकआउट किट मागा. कंत्राटी कामगारांना पण, गेट पाससोबतच.